चालून दाखवणार नाही

अपमान झाला तो माझा. जळगावच्या पिंप्राळ्यात एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या, एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवणाऱ्या बाईचा. गेल्या वर्षीचा एप्रिल संपत आलेला. शनिवार. निकालाचा दिवस, सकाळचे साडेनऊ. जागा शाळेचा खालचा व्हरांडा. करणारा संस्थेचा अध्यक्ष. पाहणारे व्हरांडाभर पालक आणि आम्ही सगळा स्टाफ. हे आधीच लिहून टाकते, कारण नंतर लोक म्हणतात की असं काही झालंच नव्हतं, बाईंचा गैरसमज झाला.

एका पालकाने तक्रार केली होती. पेशाने वकील. त्याच्या पोरीने घरी सांगितलं की मॅडम शिकवताना झोकांड्या खातात. पोरगी खोटं बोलली नाही. मी खायचेच. पण वकिलाने त्यातून काढायचा तो अर्थ काढला आणि अध्यक्षांच्या टेबलापाशी उभं राहून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आम्ही फी भरतो ती असल्या बायांसाठी का? वास घेऊन बघा एकदा."

कोणीतरी हसलं. बाई हसली का बाप्या, मी वळून पाहिलं नाही.

अध्यक्षांनी वास घेतला नाही. तेवढे उपकार. ते खुर्चीत रेलले आणि म्हणाले, "मॅडम, इथून त्या तुळशीच्या कुंडीपर्यंत चालून दाखवा."

"सर, मला आजार आहे. मी ऑफिसात सांगितलं होतं."

"तेच बघतोय ना. चाला."

आणि मी चालले. हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. मी चालले.

पालक बाजूला झाले. मधे वाट झाली. मी फरशीकडे पाहिलं. डावा उचल. टाच टेक. वजन टाक. आता उजवा. भिंतीला हात लावायचा नाही. कुंडी आली, वळ, हळू वळ. परत तेच. डावा. टाच. वजन. मी जिवाचा आटापिटा करून चालले आणि सरळ चालले. एखादी बाई देवळातून घरी येते तशी.

"बघा," अध्यक्ष वकिलाला म्हणाले. "ठणठणीत आहे. आजारबिजार काही नाही." मग माझ्याकडे बघून, "मग वर्गात काय होतं हो तुम्हाला? सकाळी सकाळी?"

आता मात्र बरेच जण हसले.

सरळ चालले म्हणून खोटी ठरले. अडखळले असते तर दारुडी ठरले असते. त्या व्हरांड्यात मला तिसरी वाट ठेवलीच नव्हती. मी निकालाचे कागद वाटायला घेतले. एक कागद हातातून सुटून खाली पडला. त्याचाही अर्थ कोणीतरी काढलाच असेल.

आता आजाराचं सांगते. मल्टिपल स्क्लेरॉसिस. नाव इंग्रजी आहे म्हणून श्रीमंतांचं वाटतं. माझ्या वडिलांची धुळ्याजवळच्या खेड्यात पिठाची गिरणी आहे, तिच्या मोटरची वायर एकदा उंदरांनी कुरतडली होती. तांबं शाबूत, वरचं रबर गेलेलं. गिरणी मधेच चालायची, मधेच बंद पडायची, आणि मिस्त्री आला की नेमकी चालायची. मेंदूच्या डॉक्टरांनी मला एमआरआयचे फोटो दाखवले तेव्हा माझ्या डोक्यात ती वायर आली. माझ्या नसांवरचं रबर जागोजागी गेलं आहे. आणि ते उंदराने नाही, माझ्याच अंगाने कुरतडलं आहे.

तुम्ही चालता तेव्हा तुमचं डोकं मोकळं असतं. भाजी काय करायची याचा विचार करता. फोनवर भांडता. पाय आपले आपले चालतात. माझे पाय चालत नाहीत, मला ते चालवावे लागतात. सगळं लक्ष पायांना द्यावं लागतं. त्यातलं थोडं काढून बोलण्याला दिलं की गुडघा सुटतो. कोणी हाक मारली, हिशेब विचारला, गाडीचा हॉर्न वाजला, की पाऊल चुकतं. डॉक्टर म्हणाले होते, "चालताना बोलू नका, बोलायचं असेल तर थांबा." साधं वाक्य. पण बाईने न बोलता चालायचं आणि थांबून बोलायचं असं जग मला कुठे मिळणार होतं?

आणि माझं तर सगळं आयुष्य चालता चालता बोलण्यात गेलेलं. धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. बस पास, वसतिगृहाचं पाणी, परीक्षा फी. पत्रक लिहायचं, रात्रीतून छापायचं, सकाळी स्टँडवर वाटायचं. मोर्चा निघाला की मी तोंडाशी. मोर्चाकडे तोंड करून उलटी चालत घोषणा द्यायचे, आग्रा रोडच्या खड्ड्यांतून, मागे न बघता. पोरं म्हणायची, हिला पाठीला डोळे आहेत. शेवटच्या मोर्चात घोषणा अर्धी तोंडातून निघाली आणि मी रस्त्यावर बसले. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. मलाही तेच वाटलं. खानदेशात मे महिन्यात कोण कशाने पडलं हे कोण विचारतं?

शाळेत नोकरी लागली तेव्हा आजार कळून वर्ष झालं होतं. आमच्या शाळेत वर्गात शिक्षकाला खुर्ची नाही. आधी होत्या. अध्यक्षांनी एका सुट्टीत सगळ्या उचलून कार्यक्रमाच्या हॉलमध्ये नेल्या. "खुर्ची दिली की मास्तर मोबाइल काढतो," असं स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले. वर्गात कॅमेरे आहेत, ते त्यांच्या केबिनमधून बघतात. टेबलाला टेकलं तरी शिपाई येऊन दार वाजवतो. शिकवायचं ते फिरत. शुद्धलेखन घालायचं ते बाकांच्या मधून चालत, वह्यांकडे बघत. तुमच्याही मुलांच्या शाळेत असंच असेल. जळगावात अशा शाळा कमी नाहीत.

मी शुद्धलेखन घालायचे ते असं. उभं राहून एक वाक्य. मग तोंड बंद, चार बाक पुढे. मग बाक धरून दुसरं वाक्य. पोरांनी मला कधी काही विचारलं नाही, पण त्यांना कळलं होतं. मी चालत असताना कोणी हात वर केला की शेजारचा त्याचा हात खाली ओढायचा. "थांब ना बे, मॅडम चालून राहिल्या." हे अकरा-बारा वर्षांच्या लेकरांना कळलं. कॅमेऱ्याला कळलं नाही.

उन्हाळ्यात मात्र हिशेब चुकायचा. अंग तापलं की माझ्या वायरी आणखी बिघडतात. एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या वर्गात, पंखा गरम हवा फेकतोय, आणि एखादं वाक्य चालता चालता तोंडातून निसटायचं. मग झोकांडी. तीच त्या वकिलाच्या पोरीने पाहिली.

निकालाच्या दिवसानंतर अध्यक्षांनी सांगितलं, "अपंगत्वाचा सरकारी कागद आणा, मग जूनमध्ये बघू." ठीक आहे म्हटलं. या आजाराचं नाव कायद्यात आहे, मी वाचलेलं होतं. पत्रकं लिहिणारी माणसं कायदा वाचतात आणि वाचला की झालं असं समजतात. कागद मिळाला तर खुर्ची मिळेल, खुर्ची मिळाली तर नोकरी राहील. मे महिन्यात धुळ्यात एका मंगल कार्यालयात तपासणीचं शिबिर होतं. मी जळगावहून बसने गेले. माय गावाहून आली. भाकरी, कांदा आणि ओला टॉवेल घेऊन. टॉवेल माझ्या डोक्यावर ठेवायला.

मायबद्दल आधी एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत चालताना ओट्यावरची प्रत्येक बाई विचारते, "कथा चालनी वं?" कुठे निघालीस. तिला उत्तर नको असतं, पण उत्तर द्यायचं असतं. "आठेच," म्हणजे इथेच, म्हणायचं. "मळामा," म्हणायचं. काहीही म्हणायचं, पण गप्प जायचं नाही. आजार झाल्यापासून मी गप्प जाते. खाली बघून. म्हणून गल्लीत माझ्याबद्दल ठरलेलं आहे, "शिकीसन माजनी पोर." शिकून माज आला. माय सुरुवातीला माझ्या वतीने सगळ्यांना उत्तरं द्यायची. माझ्या मागून चालत, डावीकडे उजवीकडे, "दवाखानामा जाई राह्यनी, अक्का," "जळगावले जास, नाना." मी पुढे मुकी, ती मागून माझं तोंड.

शिबिरात आमचा नंबर दुपारी लागला. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. समोर रांग, बाहेर बाया, काठ्या, चाकाच्या खुर्च्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि म्हणाले, "त्या स्टेजपर्यंत चाला. बोलू नका, सरळ समोर बघा."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी गप्प चालले तर नीट चालते. मला बोलत चालवा. काहीतरी विचारा. उलटे आकडे म्हणायला लावा."

"मॅडम, मी गप्पा मारायला नाही बसलो. मागे बघा किती लोक आहेत. चाला."

मागे खरंच लोक होते. पाय नसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझ्या पायांची लाज वाटली. हे पण लिहून ठेवते. पाय असल्याची लाज.

चालले. डावा, टाच, वजन. स्टेजवर लग्नातल्या दोन मोठ्या सोनेरी खुर्च्या होत्या, त्यांच्याकडे बघत. नीट चालले.

"छान चालता की," डॉक्टर म्हणाले. पेन उघडलं. "या परत."

मी वळले. परत यायला लागले. आणि भिंतीपाशी बसलेली माझी माय उभी राहिली आणि गल्लीतल्या बाईसारखी ओरडली, "कथा चालनी वं?"

तिने ठरवून केलं. तिला माहीत होतं की जगातला हा एकच प्रश्न आहे ज्याला माझं तोंड माझं ऐकत नाही. लहानपणापासून उत्तर देत आले. मान वळली. "कथाच नई," मी म्हणाले. कुठेच नाही. आणि गुडघा सुटला. मी पडले, सगळी पडले, कोपर फरशीवर आपटलं.

मायच्या तोंडावर आनंद होता. माझ्या आईला मी पडल्याचा आनंद झालेला मी पाहिला आहे. ती डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "दखा! दखा ना, डॉक्टर! बोलनी का पडस ती!" बोलली की पडते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी," ते म्हणाले, "हे शिकवून आणलं का घरून?"

"नई रे बाबा, खरंच..."

"सकाळपासून अशी चार नाटकं पाहिली मी. खऱ्या अपंगांचा हक्क मारता तुम्ही लोक." आणि मला, "उठा. उठता येतं तुम्हाला."

आणि मला उठता आलं. तेच तर आहे. मला उठता येतं, चालता येतं, गप्प राहिले तर. मी उठले. मागच्या रांगेतून एक माणूस म्हणाला, "चला हो ताई, आमचे नंबर खोळंबतात." कोणाशी भांडू? मायशी? त्या माणसाशी? मोर्चात पोलिसांच्या काठीपुढे घोषणा देणारी मी, त्या हॉलमध्ये माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. कारण मी दारापर्यंत चालत होते, आणि चालताना मला बोलता येत नाही.

स्टँडवर माय सिमेंटच्या बाकावर बसून रडली. "मीच वाटोळं कयं वं तुनं. मीच." मी म्हटलं नाही की असं नाही. म्हणायला हवं होतं. तिने जे केलं ते त्या हॉलमधल्या कोणाही शिकलेल्या माणसापेक्षा हुशारीचं होतं. पण तिला कोण विचारतं? तिची हुशारी नऊवारी नेसून आली होती आणि अहिराणी बोलत होती. तिचं नाटक ठरलं. तिच्या ओल्या टॉवेलने मी कोपराचं रक्त पुसलं. जळगावची बस लागली. चढताना मागून कंडक्टर ओरडला, "लवकर, लवकर," आणि पायरीवर पुन्हा पाऊल चुकलं. माय खालून बघत होती. आता तिला आनंद झाला नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी स्टाफ मीटिंग. हॉलमध्ये. वर्गांतून उचललेल्या सगळ्या खुर्च्या तिथे भिंतीशी एकात एक रचलेल्या, वर प्लास्टिक टाकलेलं. अध्यक्ष बसलेले, आम्ही उभे. ही तिथली पद्धत.

"कॅम्पमध्ये काय निघालं?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"अपंगत्व नाही म्हणाले."

"मग झालं तर. आता पालकांचा विषय संपवून टाकू. या, सगळ्यांसमोर एकदा चालून दाखवा. मीच सांगतो सगळ्यांना, मॅडम फिट आहेत म्हणून."

ते मदत करत होते. त्यांच्या मते ते मला वाचवत होते. मला फक्त चालायचं होतं, दाराकडून टेबलाकडे. गप्प. नोकरी राहिली असती.

"चालून दाखवणार नाही," मी म्हटलं.

"काय?"

"चालून दाखवणार नाही. मला वर्गात खुर्ची पाहिजे."

"एकीला दिली की उद्या सगळे मागतील."

"मग सगळ्यांना द्या."

अध्यक्ष हसले. स्टाफकडे बघून म्हणाले, "कोणाला पाहिजे खुर्ची? बोला."

कोणी बोललं नाही. माझ्या शेजारी गणिताच्या चौधरी मॅडम होत्या. दुपारपर्यंत त्यांचे पाय इतके सुजतात की त्या घरून नवऱ्याच्या चपला घालून येतात. त्या पंख्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरी दोन मुली आहेत, नवऱ्याचं दुकान चालत नाही, मला सगळं ठाऊक आहे. तरी मला त्यांचा राग येतो. अजून येतो.

आणि मग माझे पाय गेले. त्यात शौर्य काही नाही. जून कोरडा होता, हॉल तापलेला, मी उभी राहून भांडत होते, आणि उभं राहायलाही लक्ष लागतं. गुडघे सुटले आणि मी फरशीवर बसले.

बसले, आणि जीभ मोकळी झाली. हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. इतकी वर्षं अर्धं डोकं पायांना देत होते, उरलेल्या अर्ध्यात बोलत होते, आणि वाटत होतं आपण मंद झालो, आपली धार गेली. खाली बसल्यावर सगळं डोकं परत माझं झालं. मी फरशीवरून, मान वर करून, अध्यक्षांशी बोलले. मराठी शिकवायला जीभ लागते, पाय नाही, हे बोलले. कॅमेरा पाय बघतो, वही बघत नाही, हे बोलले. तुम्ही मला दोनदा चालायला लावताय, एकदाही शिकवायला लावलं नाही, हे बोलले. न अडखळता. एकही वाक्य तुटलं नाही. आग्रा रोडवर बोलायचे तशी.

अध्यक्ष ऐकून घेऊन म्हणाले, "झालं? उद्यापासून येऊ नका."

शिपायाने मला उठवायला हात दिला. मी घेतला. बाहेर आले. चौधरी मॅडम फाटकापर्यंत आल्या नाहीत.

माझ्या बोलण्याने काही बदललं नाही. खुर्च्या अजून त्या हॉलमध्ये आहेत. शिक्षण विभागात तक्रार दिली, तिथे सुनावणीला वरच्या मजल्यावर बोलावलं. जिना चढताना साहेबांच्या शिपायाने विचारलं, कोणाकडे काम आहे, आणि मी कठडा धरून थांबले, उत्तर दिलं, मग चढले. सुनावणी पुढे ढकलली. मी पिंप्राळ्यात खोलीवर शिकवण्या घेते. बसून. आजार थांबलेला नाही. घोषणा देऊन नसांवरचं रबर परत येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात काठी लागेल, त्यापुढे काय लागेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. माय फोनवर विचारते, "बरी शे ना?" मी म्हणते, "बरी शे." हे खोटं आहे, तिच्यासाठी बोलते.

एक मात्र ठरलं आहे. पुरावा म्हणून मी यापुढे कोणापुढे एक पाऊल टाकणार नाही. अध्यक्ष असो, डॉक्टर असो, साहेब असो. चालीन ती माझ्या कामाला. कोणाला तपासायचं असेल त्याने मला खुर्ची द्यावी आणि मग विचारावं, मी काय करू शकते.

आता तुम्ही. हे वाचलंत, बाई बिचारी म्हणालात, एवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही. तुमचं मूल शाळेत जातं. तुम्ही फी भरता, म्हणून तुमचं ऐकतात. माझं ऐकत नाहीत. येत्या सोमवारी मुलाला सोडायला जाल तेव्हा फाटकावरून परत फिरू नका. आत जा. वर्गाच्या दारात उभे राहा आणि बघा, बाईला बसायला काही आहे का. नसेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्या वकिलाने काढला होता तेवढ्या आवाजात, विचारा: बाईंची खुर्ची कुठे आहे? आणि खुर्ची आल्याशिवाय तिथून हलू नका.